आत्याबाईंनी मागितलेलं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या आत्याबाईंच्या पायांत पाणी साचलं होतं आणि वाटूरच्या विहिरीत थेंब नव्हता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हृदय थकलं की अंग पाणी धरतं, असं जालन्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं, आणि प्यायचं पाणीसुद्धा मापानेच द्यायला सांगितलं. त्यावर आत्याबाई खाटेवर पडल्या पडल्या हसल्या. "देवानं पाणी तर धाडलं गं, पत्ता तेवढा चुकला त्याचा," म्हणाल्या. मला हसू आलं नाही. मला देवाचा राग आला होता, आणि तो मी फारसा लपवतही नव्हते.

राग यायला कारण होतं. ह्या बाईने जन्मभर देवाकडे दुसऱ्यांसाठी मागितलं. मामंजी गवंडी होते. गावातलं आमचं पत्र्याचं छोटंसं चर्च त्यांनीच बांधलं आणि आत्याबाईंनी डोक्यावरून वाळूच्या पाट्या वाहिल्या. मामंजी लवकर गेले, पोरं लहान होती. मग आत्याबाईंनी लोकांच्या शेतात खुरपलं, कापूस वेचला, सगळी लेकरं शिकवली, आणि भाकरीचं पीठ मळायच्या आधी त्यातली मूठ मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, डब्यात टाकायचं कधी चुकवलं नाही. कुणाच्याही दारातून उठताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे, "तुमच्यासाठी काय मागू देवाकडं?" समोर पाटलीणबाई असोत, विहारातले गुरुजी असोत, नाहीतर दारावर आलेली बोहारीण असो. लोक आधी थट्टा करत, मग इकडे तिकडे बघून हळूच काहीतरी सांगत. कुणाची म्हैस आटलेली, कुणाचा जावई रुसलेला. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती सगळी नावं यायची. आमची भाजी थंड व्हायची, पण वाटूरची खबरबात देवाला बराबर पोचायची.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. घरचे सगळे बाप्टिस्ट. ह्यांच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता झाला, त्याचा स्वतःचा विश्वास बसला, त्याने आपल्या तोंडाने मागितला, मंडळीपुढे साक्ष दिली, की मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. डोक्यावर शिंपडलेलं चालत नाही. आणि आग्रह तर कुणीच कुणाला करायचा नाही. "बाप्तिस्मा मागायचा असतोय, लादायचा न्हाई," हे आत्याबाईंचं नेहमीचं बोलणं.

मी जुन्या जालन्यातली. वडील तिथे कापडाच्या दुकानात कामाला होते. आमचं चर्च वेगळं, आणि तिथे मी आईच्या कुशीत असतानाच कपाळाला पाणी लावून माझा बाप्तिस्मा झालेला. सून म्हणून वाटूरला आले तेव्हा कळलं, की इथे तो धरत नाहीत. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, इथे ज्यांचा बाप्तिस्मा धरतात त्यांनीच घ्यायची. ते ताट बाकावरून फिरत माझ्यापाशी आलं की मी त्यातली भाकर न घेता ते पुढे द्यायची. एकदा बुडी घेतली असती तर प्रश्न मिटला असता. पण मग माझे आईबाप मला हातांवर घेऊन देवापुढे उभे राहिले होते, ते काय उगीच? मी अडून बसले. हट्टी तर मी लहानपणापासूनच. आत्याबाई एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. फक्त ताट माझ्या हातून पुढे जाताना त्या डोळे मिटून घेत. त्या काय मागत असतील हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

त्या वर्षी माझ्या लेकीने, एस्तेरने, आपणहून बाप्तिस्मा मागितला. ती नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. नातवंडांत मागणारी ती पहिलीच. आत्याबाई खाटेवर उठून बसल्या. इतक्या दिवसांत त्या कुणाच्या आधाराशिवाय उठल्या नव्हत्या. "एवढं डोळ्यानं बघते आन् जाते," म्हणाल्या. "मंग काई न्हाई मागत." डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलंच होतं, की ह्या पावसाळा बघतील असं धरून चालू नका. एस्तेर थांबायला तयार होती, पण तिची आजी थांबणार नव्हती.

आणि पाणी कुठे होतं? आमच्या मंडळीचे बाप्तिस्मे गावाबाहेरच्या पायऱ्यांच्या विहिरीत व्हायचे. त्या विहिरीच्या तळाशी आता शेळ्या सावलीला बसत होत्या. जालन्याच्या मंडळीत हौद बांधलेला आहे, पण शहरातल्या नळाची तऱ्हा जालनेकरांनाच विचारावी. त्या हौदात त्यांनी जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. आमच्या चर्चचे पाळकसाहेब भला माणूस. म्हणाले, टँकर मागवू, ताडपत्रीचा हौद करू. आत्याबाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले. "साहेब, बाया टँकरमागं पळून राह्यल्या, घागरीला घागर आपटून राह्यल्या. त्यांच्या तोंडचं पाणी माझ्या नातीला बिलकुल नको." मग कुणीतरी चाचरत म्हणालं, की आजारी माणसाच्या इच्छेखातर यंदा शिंपडून घेऊ. त्यावर आत्याबाईंनी नुसती नकाराची मान हलवली.

मी त्या संध्याकाळी देवाला मनातल्या मनात सुनावलं. म्हटलं, हिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तुझ्यापाशी कमरेइतकं पाणी नाही? त्या दिवसापासून मी प्रार्थनेला नुसती बसायची. डोळे मिटायची, पण आतून तोंड फिरवलेलं.

मे महिन्यात आम्ही आत्याबाईंना जालन्याला दाखवून परत येत होतो. भाड्याची जुनी जीप, पुढे आमचे हे आणि ड्रायव्हर, मागे आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन मी. वाटूर अजून बरंच लांब होतं आणि जीप तापली. पुढून वाफ यायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, पाणी टाकल्याशिवाय ही काही हलत नाही. आमच्याकडे पाणी होतं ते आत्याबाईंचं, बाटलीतलं, मापाचं. रस्त्याला लागून मोसंबीची बाग होती, पानं उन्हाने वळलेली. आम्ही कुणाला हाक मारायच्या आत बागेतून एक गृहस्थ पाण्याचा कॅन घेऊन येताना दिसले. डोक्याला रुमाल, पायांना चिखल. वाफ त्यांना लांबूनच दिसली होती. शेषराव त्यांचं नाव. त्यांनी कॅन ड्रायव्हरकडे दिला आणि ते जीपमध्ये डोकावले. "आजीला गाडीत कशाला उकडवता? इंजिन थंड व्हायला टाइम लागंल. सावलीत घ्या की," म्हणाले, आणि आमची वाट न बघता कडुलिंबाखाली खाट टाकून मोकळे झाले.

तिथे जरा वारा लागला तशा आत्याबाई सावरल्या. त्यांनी विचारलंच, "बाबा, तुमच्यासाठी काय मागू देवाकडं?"

शेषराव हसले. "बाकी सगळं हाय, आजी. पाणी तेवढं मागा. बाग जगली पाह्यजे."

आत्याबाईंनी डोळे मिटले. एकेका शब्दाला धाप लागत होती, तरी त्यांनी त्या अनोळखी माणसाच्या झाडांसाठी पाणी मागितलं. नंतर त्याच्या गुरांसाठी, मग त्याच्या लेकराबाळांसाठी. मी डोळे उघडे ठेवून बघत होते. मला वाटलं, ज्याने हिची एक गोष्ट ऐकली नाही त्याच्याच दारात ही बाई दुसऱ्याची रदबदली करते आहे. प्रार्थना संपल्यावर शेषरावांनी सहज विचारलं, "आन् सोतासाठी काय मागितलं, आजी?"

"मी बी पाणीच मागून राह्यले, बाबा."

त्यांना काही उमगेना. मग ह्यांनी सगळं सांगितलं. एस्तेरचं, विहिरीचं, टँकरचं. शेषरावांनी ऐकून घेतलं आणि बागेच्या टोकाला दिसणाऱ्या मातीच्या बांधाकडे हात केला. "तिकडं माझं शेततळं हाय. तळाला गेलंय, पण कमरंइतकं भरंल. रविवारी या पोरीला घेऊन."

मी म्हटलं, "अहो भाऊ, तुमच्या झाडांचं पाणी आहे ते."

"बुडी मारल्यानं पाणी कमी हुतंय का, ताई? पोरगी वर येईल, पाणी तिथंच राहील. सोमवारी मोटार चालू करीन, झाडाला जाईल. कुणाचं काय गेलं?"

इतकं साधं होतं ते. पाणी कुठून आणायचं ह्याचा आम्ही महिनाभर घोळ घातला होता. ते जिथे आहे तिथे आपण जावं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. आत्याबाईंनी शेषरावांचा हात धरून कपाळाला लावला. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

रविवारी सकाळी अख्खी मंडळी त्या बागेत जमली. आत्याबाईंना खुर्चीसकट उचलून बांधावर ठेवलं, वर छत्री धरली. शेततळ्याच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा झालेला असतो, पाय सुटला की माणूस थेट खाली. म्हणून शेषरावांनी गाठी मारलेला जाड दोर झाडाला बांधून पाण्यात सोडला होता, आणि चपला काढून ते स्वतः दोराशी उभे होते. त्यांची बायको ताटात नारळ आणि हळदकुंकू घेऊन आली. पाण्यातलं शुभकार्य नारळाशिवाय कसं करायचं? पाळकसाहेब चुळबुळायला लागले. आत्याबाईंनीच मार्ग काढला. "फोड गं बाई. आमच्यात पाण्याची पूजा न्हाई, पण लेकरायला खोबरं वाट. गोड तोंडाला कोण न्हाई म्हनतंय?" सगळे हसले आणि खोबरं वाटलं गेलं.

एस्तेरने साक्ष दिली. पाळकसाहेब दोर धरून खाली उतरले, मागून ती. हिरवट पाणी तिच्या कमरेला लागलं. देवाचं नाव घेऊन त्यांनी तिला मागे झुकवलं, पाणी तिच्या तोंडावरून मिटलं, आणि ती वर आली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं आणि ती आजीकडे बघत होती. आत्याबाईंनी गीत सुरू केलं. धाप लागून ते अर्ध्यात तुटलं, मंडळीने उचललं. त्यांचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता.

आणि तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि दोराला हात घातला. खालून पाळकसाहेबांनी हात पुढे केला. गाणं थांबलं. माझ्या मनात एवढंच होतं, की ही बाई चालली आहे, आणि हिला द्यायला माझ्याजवळ हीच एक गोष्ट उरली आहे.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "इकडं ये."

मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "कशापायी उतरायलीस?"

देवापुढे आणि त्या पाण्यापुढे मला खोटं बोलता आलं नाही. "तुमच्यासाठी, आत्याबाई."

त्या रडायला लागल्या. मामंजी गेले तेव्हाही ह्या बाईने लोकांपुढे डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, असं सगळे सांगतात. "मंग नको उतरू," म्हणाल्या. "माझ्यासाठी उतरलीस तर ते माझं पाणी हुईल, त्याचं न्हाई. तू घरात आलीस तवापासून मी रोज हेच मागितलं. आज तू हून देऊन राह्यलीस, आन् मला घेता येईना." मग धाप ओसरल्यावर माझा हात दाबून म्हणाल्या, "तुझ्या आईबापानं तुला त्याच्या हवाली केलंय. मी बी करते. तो बोलवंल तवा जा. न्हाई बोलवलं तरी तू त्याचीच हायस."

पाऊस पडायच्या आधीच आत्याबाई गेल्या. झोपेत, शांतपणे. मातीला शेषराव आले होते. आमच्या लोकांच्या बरोबरीने त्यांनीही मूठभर माती टाकली. त्यांची काही झाडं त्या उन्हाळ्यात वाळली, बरीचशी तगली. जीप नेमकी त्याच बागेपाशी का तापली, ह्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मे महिन्यात जुन्या जीपा तापतातच. कुणी विचारतं, मग पुढे तू बुडी घेतलीस का? ते माझं आणि देवाचं बोलणं आहे, आणि ते अजून चाललं आहे. बंद पडलेलं ते बोलणं पुन्हा सुरू झालं, हीच माझ्यावरची कृपा. देवाच्या इच्छेवर सोडावं, हे मी उपदेशांत पुष्कळदा ऐकलं होतं. सोडताना माणसाला किती दुखतं, ते मी त्या बांधावर पाहिलं.

प्रभू, पाणी दिलंस त्याबद्दल तुझे उपकार मानतेच. त्याहून मोठे उपकार मानते ते याचे, की इतकी वर्षं रोज मागितलेली गोष्ट पायांनी चालत समोर आली असता तुझ्यासाठी तिला नको म्हणणारी बाई तू मला सासू म्हणून दिलीस.