शैलामावशींना अडवायचं कुणी?

जिंकणाऱ्या टीमकडे कप साठतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्याकडे किस्सेच आहेत! सिंगापूरच्या सेंगकांगला आमच्या ब्लॉकखाली बास्केटबॉलचं कोर्ट आहे. दर रविवारी सकाळी आम्ही काही मराठी आयटीवाले तिथे घाम गाळतो. गेल्या वर्षापासूनचे सगळे किस्से मात्र आमच्यातल्या अमेयच्या आईचे, म्हणजे शैलामावशींचे आहेत.

*

त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. बराच वेळ आमचा खेळ बघून त्यांनी मला हाक मारली.

"काय खेळताय रे?"

"बास्केटबॉल, मावशी."

"वाटलंच. पण विचारून घेतलेलं बरं!"

अमेयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली आई एके काळी बास्केटबॉल खेळून पगार घ्यायची, हे या गाढवाने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

*

त्या काळी लीगबिग काही नव्हतं. ज्या ऑफिसची टीम असेल तिथे खेळाडूंना नोकरी मिळायची. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी टेबल. त्यात मुली अगदी मोजक्या.

इंटरव्ह्यूला साहेबांनी विचारलं, "टायपिंग येतं का?"

मावशी म्हणाल्या, "साहेब, टायपिस्ट हवी असेल तर बाहेर रांग लागलीय. टीमचा खेळ चालवणारी पॉइंट गार्ड मात्र मी एकटीच आहे!"

नोकरी मिळाली. टायपिंग शेवटपर्यंत आलं नाही.

*

अमेय झाल्यावर कोच म्हणाले, "शैला, आता आराम कर."

दुसऱ्या दिवशी ही बाई बाळ काखेत घेऊन कोर्टवर हजर! सतरंजी अंथरून त्याला झोपवलं आणि म्हणाली, "सर, आराम हा करतोय. मी कुठे उभी राहू?"

त्यानंतर त्या कितीतरी वर्षं खेळल्या. मग गुडघा गेला आणि खेळ सुटला तो सुटलाच.

*

तो गुडघा शेवटी इथे सिंगापूरला बदलला. फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारलं, "आंटी, व्हॉट इज युवर गोल?" बाकीचे पेशंट जिना म्हणतात, बाजार म्हणतात.

मावशी म्हणाल्या, "वन मॅच. रिअल मॅच."

"आंटी, फर्स्ट वॉक टू मार्केट, कॅन?"

"कॅन. देन मॅच!"

अमेयने डोक्याला हात लावला. पण मावशी रोज तेवढ्याच जिद्दीने व्यायाम करत राहिल्या. त्यांचं तोंड बघून वाईट वाटायचं, इतकं दुखत असायचं.

*

मग त्या आम्हाला शिकवायला लागल्या. आमचा मंदार मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे. तो पास द्यायचा म्हणजे बॉल नुसता समोरच्याच्या अंगावर भिरकावायचा.

मावशींनी खेळ थांबवला. "मंदार, ऑफिसात काम असंच ढकलतोस का रे?"

त्याच्या ऑफिसच्या टीममधली केतकी आमच्यातच खेळते. ती म्हणाली, "हो, मावशी!"

*

आणि मग ब्लॉकाब्लॉकांची स्पर्धा आली. नियम असा की टीममध्ये एक तरी बाई कोर्टवर हवीच. मॅच संपत आली, आम्ही एका पॉइंटने मागे, आणि केतकीचा पाय मुरगळला. आता मॅच सोडून द्यायची, एवढंच उरलं होतं.

"आई, तू नाही हं," अमेय म्हणाला. मावशी तोवर बुटाची नाडी बांधून उठल्यासुद्धा होत्या.

समोरची टीम कॉलेजच्या पोरापोरींची. पोरं इतकी सुसंस्कृत, की मावशी जातील तिथून बाजूला व्हायची! "आंटी, केअरफुल हां!" शेवटचे काही सेकंद उरले होते. मी पास दिला. मावशी बास्केटसमोर, आसपास कुणी नाही. नुसता टाकायचा बॉल, मॅच आमची!

मावशींनी बॉल धरून ठेवला.

"मावशी, टाका!" आम्ही बोंबललो.

त्या समोरच्या उंच पोराकडे बघत होत्या. "यू! कम हिअर. डिफेंड!"

"आंटी, कॅनॉट लाह! यू फॉल डाउन हाऊ?" पडलात तर काय, ही त्याची धास्ती.

"आय सेड, डिफेंड!"

त्या आवाजाला पोरगं घाबरलं, धावत आलं आणि हात वर करून उभं राहिलं. आता कुठे मावशींनी डावीकडे हूल दिली, वळल्या, वीतभर उडी मारली आणि बॉल सोडला. पोराने तो वरच्या वर थाडकन कोर्टाबाहेर घालवला.

शिट्टी वाजली. हरलो!

अमेय धावत आत गेला. "आई, लागलं का कुठे?"

मावशींना धाप लागली होती. त्यांनी त्या पोराचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

"बघितलंस, अमेय?" त्या ओरडल्या. "ब्लॉक केलं त्याने मला!"