थोरलीच्या छातीतलं वारं

थोरली, माझी मोठी जाऊ, गेल्याची बातमी मला जिन्यावर कळली. तिची सून सकाळी चहा घेऊन वर गेली आणि भरला कप तसाच घेऊन खाली आली. तिच्या तोंडाकडं पाहूनच मी समजले. "काकू, आई झोपेतच..." एवढंच म्हणाली ती. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? गेली ना पुढं! इथंही पुढं! ना दुखणं, ना खुपणं, ना कुणाला उस्तवार. असलं मरण मी देवाकडं कधीचं मागून ठेवलं होतं, ते हिनं परस्पर नेलं. रडू आलं ते त्याच्यानंतर. मग मात्र आवरेना.

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, दोघी जावा अगदी पाठच्या बहिणींसारख्या राहिल्या. मी मान हलवते. त्यांना काय सांगायचं? देवगाव रंगारीहून लग्न होऊन मी औरंगाबादेत आले, तेव्हा उंबऱ्यातच थोरलीला पाहिलं. उंच, सडपातळ, डोक्यावर पदर असूनही मान ताठ. आणि मी? लाडवाला नऊवारी नेसवल्यासारखी. त्या उंबऱ्यातच जळायला जी सुरुवात झाली... फडताळातला वरचा डबा ती नुसता हात लांबवून काढायची आणि मी पाटावर चढून चवड्यांवर. तिची भाकरी पातळ, तिचा आवाज गोड, आणि सासूबाईंचं "थोरले, थोरले" दिवसभर चालायचं. मी मेली स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायची. आता हसू येतं. तेव्हा वाटायचं, सगळं जग माझ्या भांड्यांचा आवाज ऐकतंय.

पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी सासूबाई सरकारी कागदावर अजून निजामाचाच शिक्का शोधायच्या, त्या काळातली ही गोष्ट. माझं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा; आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. थोरली ओटीचं ताट घेऊन पुढं आली आणि एकदम वाकली. उजव्या बरगडीवर हात दाबून म्हणाली, "सुरी खुपसल्यावाणी झालं गं..." श्वास अर्धाच येत होता, ओठ काळपट पडत चालले होते. सगळ्या बायका तिच्याकडं धावल्या. झोपाळ्यावर मी एकटी, डोक्यात फुलं घालून. मला काय वाटलं असेल? "हिला आजचाच दिवस सापडला!"

सरकारी दवाखान्यात वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, जुन्या हैदराबादी वळणाच्या. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं, फोटो काढला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "अम्मा, सीने में हवा घुस गई है. फेफडा बैठ गया." पुढचं सासूबाईंनी ऐकलंच नाही. हवा शिरली, म्हणजे वारं शिरलं. आणि आमच्याकडं अंगात वारं म्हणजे देवी! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की थोरलीच्या अंगात आई आली, ती डॉक्टरलासुद्धा कळली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या बरगड्यांमधून एक रबरी नळी आत घातली होती. नळीचं दुसरं टोक कॉटखाली, काचेच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं. थोरली खोकली की बाटलीत बुडबुडे यायचे. झालं! बायका खण-नारळ घेऊन दवाखान्यात. एकीनं विचारलं, "आई, लेकीला स्थळ येईल का?" थोरलीला खोकला आला, बाटली बुडबुडली. "व्हय म्हणली, व्हय म्हणली!" दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं. थोरलीला श्वास धड घेता येत नव्हता, पण तिच्या डोळ्यांत मला हसू दिसलं. नंतरचे खोकले खरे नव्हते, हे मी आजही सांगते.

ज्या बायकांनी माझ्या डोहाळजेवणाला नुसता जेवणावर ताव मारला होता, त्या तिच्या पाया पडत होत्या. मी सात महिन्यांचं पोट घेऊन कॉटच्या पायाशी उभी. मला देवी नको होती असं नाही हो... पण यायचीच होती तर माझ्यात का नाही? मी ठरवलं, ही देवी नाही हे सिद्ध करायचंच. तिथून तडक डॉक्टरीणबाईंकडं गेले.

त्यांना वाटलं, काय प्रेमळ जाऊ आहे! समोर बसवून त्यांनी मला समजावलं. बरगड्या म्हणजे, समज, एक बंद डबा, त्यात फुगवलेला फुगा म्हणजे फुफ्फुस. फुग्याला बारीक भोक पडलं. हवा फुग्यातून निघाली, पण डब्यातच अडकली आणि बाहेरून फुग्यालाच चेपायला लागली. म्हणून माणूस हवेसाठी तडफडतं आणि आपण त्याच्या छातीतली हवा काढतो. हवा निघाली की फुगा आपसूक फुलतो, भोक बुजतं. पाणी कशाला? तर पाण्यातून हवा बाहेर जाते, उलटी आत येत नाही. "बोतल नीचेइच रहना, बेटी," त्या म्हणाल्या. "ऊपर उठाई तो पानी सीने में जाता. फिर मेरे हाथ में कुछ नहीं." मी विचारलं, हे हिलाच का झालं? म्हणाल्या, कारण नेमकं सांगता येत नाही, पण उंच, सडपातळ माणसांना जास्त होतं. घ्या! आजारसुद्धा उंची बघून येतो. मला म्हणे त्याची फारशी भीती नाही.

बाकी काही असो, देवीचा निकाल लागला होता. तोऱ्यात वॉर्डात परतले तर सासूबाई कॉटखाली वाकलेल्या. "आईला पायतानापाशी ठिवलंय मेल्यांनी," असं पुटपुटत त्यांनी बाटली उचलली. कॉटजवळच्या उंच कपाटावर त्यांनी तांदळाची रास घातली होती, तिच्यावर स्थापना करायची होती. बाटलीला कुंकू लागलेलं, बायकांचे हात जोडलेले. बाटली थोरलीच्या छातीच्या वर गेली आणि मी पाहिलं... पाणी नळीत चढत होतं.

"खाली ठेवा!" मी अशी किंचाळले की समोरच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली. सासूबाई म्हणाल्या, "विटाळ करू नको, हो मागं!" मी त्यांच्या हातातून बाटली हिसकावली आणि पोटासकट फरशीवर बसले. पाणी नळीतून मागं आलं. "देवी नाय, बिवी नाय," मी ओरडत होते, "फुगा हाय फुगा! फुटलेला फुगा! ह्यात पुजण्यासारखं काय बी नाय!" सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातला. मी बाटली सोडली नाही. डॉक्टरीणबाई धावत आल्या, नळी पाहिली आणि सासूबाईंना एवढंच म्हणाल्या, "अम्मा, इस बच्ची ने आपकी बहू बचा ली."

पुढं बुडबुडे थांबले, फोटोत फुफ्फुस फुललेलं दिसलं, नळी निघाली. थोरली घरी आली. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली, गल्लीत माझं नाव झालं. थोरली मात्र एकदा मला फडताळाशी गाठून म्हणाली, "खरं सांग. मी मरन म्हणून वरडलीस का मला कुंकू लावलं म्हणून?" मी म्हणाले, "कुंकवासाठी." ती इतकी हसली की मीच घाबरून तिच्या बरगडीवर हात ठेवला. त्या दिवसापासून मी तिची जळकुटी. माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा मांडवभर हाक, "ए जळकुटे, अक्षता कुठायत?"

ती मला जीव लावायची आणि मी तिच्यावर जळायची, दोन्हीत कधी खंड पडला नाही. हर्सूलला पोरांनी घर बांधलं तेव्हा वरची, तलावाकडं खिडकी असलेली खोली तिला गेली. "फुफ्फुसाला चांगलं," म्हणे! बसलेलं फुफ्फुस उठून जमाना झाला होता. वर्षानुवर्षं मी त्या खिडकीवरून तिला टोमणे मारले आणि ती मुद्दाम दोन्ही दारं सताड उघडून बसायची.

परवा तिची सून म्हणाली, "काकू, आता वरची खोली तुम्हीच घ्या. तुम्हाला आवडायची ना?"

वर जाऊन तिच्या कॉटवर बसून पाहिलं. उजेड छान आहे. तलाव दिसतो. पाय जमिनीला टेकत नाहीत, कॉटसुद्धा तिच्या मापाची. थोडा वेळ तशीच पाय लोंबकळवत बसले, मग खाली आले. सून विचारत होती, सामान कधी हलवायचं?

अगं, घेतली असती. पण आता घेऊन दाखवू कुणाला?