कोण आलं की उठायचं

मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणारा रस्ता सोडून दोन किलोमीटर आत चालत गेलं की आमची शाळा लागायची. दोन खोल्या, दोन शिक्षक. एका खोलीत गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तिसरी-चौथी घेऊन बसत. दुसऱ्या खोलीत मी आणि पहिली-दुसरीची चाळीसएक पोरं. शाळेत शिजवलेली खिचडी द्यायला नुकती सुरुवात झाली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. आठवली की अजून माझं डोकं तापतं.

मूल्यशिक्षणाचा तास तेव्हा रोज परिपाठाला जोडून असायचा. मूल्यांची यादी वरून आलेली, भिंतीवर निळ्या तेलरंगात लिहिलेली. त्यातला 'सौजन्यशीलता' हा शब्द पोरांना वाचता येत नव्हता, आणि त्याच्या बरोबर खाली बसून ती एकमेकांच्या आयांचा उद्धार करत. मी गोष्टी सांगितल्या, गाणी घेतली, कोपऱ्यात उभं केलं, दोनदा छडीही उचलली. गोष्ट संपली की 'सगळ्यांशी गोड बोलावं' असं चाळीस आवाज एका सुरात म्हणत, आणि सुट्टीत हातपंपावर पुन्हा शिव्या. तपासणीला साहेब आले की मात्र हीच पोरं ताठ उभी राहत आणि 'एक साथ नमस्ते' अशी आरोळी ठोकत. साहेब खूश व्हायचे. मला त्या नमस्त्याचा भयंकर वैताग यायचा, कारण तो सगळा आदर साहेबांच्या जीपला होता.

खिचडी शिजवायला बौद्धवाडीतल्या एक बाई होत्या. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. शाळेमागच्या पत्र्याच्या आडोशाला त्या चूल पेटवत. सुरुवातीला गावातल्या काही घरांतून पोरांना डबे यायला लागले. 'पोराच्या पोटाला सोसत नाय' असं सांगायचे. मी काही बोलले नाही. दोन आठवड्यांत पोरं डबे घरीच विसरायला लागली, कारण त्यांना खिचडी आवडली होती. पण हातचं खाणं वेगळं आणि त्या हाताला मान देणं वेगळं. एकदा बाई पोरं किती आलीत ते विचारायला वर्गात आल्या, तर दुसरीतला एक दीडफुट्या बसल्या जागेवरून ओरडला, "ए खिचडीवाली, काल मीठच नव्हता गो!"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

"साहेब आले की का उठता रे?" मी वर्गाला विचारलं.

"ते मोठे हायेत."

"मग या काय तुमच्याहून लहान आहेत?"

मी तिथल्या तिथे नियम करून टाकला. वर्गात जो मोठा माणूस येईल त्याच्यासाठी सगळ्यांनी उठायचं आणि नमस्ते म्हणायचं. कोणीही असो. आणि या बाईंना मावशी म्हणायचं.

'कोणीही असो' हे मी जरा विचार करून बोलायला हवं होतं. पोस्टमन आला, उठले. कोणाचा तरी आजोबा हरवलेली म्हैस शोधत दारात आला, उठले. सिद्धगडच्या बाजूचा मध विकणारा माणूस नुसता आत डोकावला, तर चाळीस जणांचं नमस्ते ऐकून त्याने हातातला डबा खाली ठेवला आणि एकेका रांगेला हात जोडत बसला. वजाबाकी शिकवताना हातचा घ्यायच्या क्षणी हमखास कोणीतरी यायचं, आणि पोरं उठून बसेपर्यंत तो हातचा मीच विसरायचे. गुरुजी मधल्या दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, कवायतीचा तास आहे का?" त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि तेवढे शांततेत जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण काहीतरी हललं होतं, हे मला कबूल करावं लागेल. मावशींना दिवसातून दोनदा तरी वर्गात यावं लागे. पहिले काही दिवस त्या लाजून तोंडाला पदर लावत आणि काम न सांगताच परत जात. मग त्या उंबऱ्यावर थांबून ओले हात पुसायला लागल्या, केस सारखे करायला लागल्या. पोरं उठली की "बसा रे बालांनो, बसा" असं म्हणायला लागल्या. एकदा ताटं घासताना मला म्हणाल्या, "बाई, मला आजवर कोणी नमस्ते नाय बोलला. इलेक्शनचा टाइम सोडून." आणि स्वतःच खूप हसल्या. पोरंही त्यांना मावशी म्हणायला लागली, ताट पुढे करताना ढकलाढकली कमी झाली. त्या दीडफुट्याने एक दिवस त्यांची पाण्याची कळशी अर्धी सांडत का होईना, उचलून नेली. भिंतीवरच्या यादीने जे दोन वर्षांत झालं नव्हतं, ते या उठाबशांनी दोन महिन्यांत झालं. मी मनातून फुशारले होते.

मग एका दुपारी ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष आले. गावातले वजनदार गृहस्थ, भातशेती बरीच, भातसानगरपासून मुरबाडपर्यंत ओळखी. खिचडीचं काम कोणाला द्यायचं हे त्यांच्या शब्दावर ठरे. पोरं उठली, दणक्यात नमस्ते झालं. अध्यक्ष "बसा, बसा" म्हणत माझ्या खुर्चीत बसले आणि शिस्त कशी हवी यावर बोलायला लागले. तेवढ्यात मावशी दारात आल्या. खिचडी झाली, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आत कोण बसलंय हे दिसल्यावर त्या मागे वळल्याही होत्या, पण उशीर झाला होता. सगळा वर्ग पुन्हा उठला. तोच सूर, तेवढाच मोठा आवाज.

आता खोलीत बसलेलं एकच माणूस होतं. पुढच्या ओळीतली पहिलीतली एक चिमुरडी, नाकातला शेंबूड ओढत, अगदी मायेने त्यांना म्हणाली, "आजोबा, उठा ना. मावशी आल्यात."

अध्यक्ष हसले. ते हसू मला अजून दिसतं. खुर्चीवरून मात्र ते उठले नाहीत. मावशी कधी गेल्या ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजींनी मला बाहेर बोलावलं. "खिचडीत खडे निघतात अशी तक्रार आहे. अध्यक्ष खिचडीची बाई बदलायची म्हणतात."

"खडे तांदळात येतात, गुरुजी. तांदूळ सरकारचा आहे. मावशी तर रोज तासभर निवडत बसतात."

"ते मला कळतं हो. तुम्हालाही कळतंय की हे खड्यांचं नाही." ते चष्मा पुसत राहिले. "तेवढं ते उठणं बंद करा. चार दिवसांत विसरतील ते."

मी ताडताड बोलले. मूल्यशिक्षण काय भिंतीला शिकवायचं का, असं विचारलं. वरच्या साहेबांकडे जाते म्हणाले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि घंटा द्यायला गेले. मी खरोखर गेलेही असते, असं मला वाटतं. पण मधल्या सुट्टीत मावशी आल्या. वर्गात आल्या नाहीत, खिडकीशी उभ्या राहिल्या.

"बाई, पोरांना माझ्यासाठी नका उठवू."

"तुम्ही घाबरू नका. मी बोलते त्यांच्याशी."

"तुमी बोलाल. तुमची बदली होईल, दुसरी शाला भेटेल. मी कुठं जाऊ? पोरींना घेऊन परत वीटभट्टीवर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "नमस्ते नाय बोलला तरी माझा चालतंय, बाई. काम गेला तर नाय चालणार."

मला अध्यक्षांचा संताप आला होता, गुरुजींचा आला होता, आणि त्या क्षणी मावशींचाही आला, कारण त्यांचं बरोबर होतं. लढायची खुमखुमी माझी होती, आणि हरले असते तर चूल त्यांची विझली असती.

सुट्टी संपल्यावर मी वर्गाला सांगितलं, "उद्यापासून फक्त पाहुणे आले की उठायचं."

"आन् मावशी?" तीच चिमुरडी.

पंधरा वर्षांच्या नोकरीत शिक्षिकेला आणखी काही येवो न येवो, पोराचं तोंड गोड बोलून बंद करता येतं. मी म्हणाले, "मावशी काय पाहुण्या आहेत का? त्या तर आपल्या घरच्याच. घरच्यांसाठी कुणी उठतं का?" वर्गाला हे एकदम पटलं. काहींना तर आनंदच झाला. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी मावशी दारात आल्या. हात पुसले नाहीत, तशाच आल्या. कोणी उठलं नाही. फक्त ती चिमुरडी सवयीने अर्धी उठली. शेजारणीने तिचा फ्रॉक धरून खाली ओढला, तरी ती तशीच अवघडून माझ्याकडे बघत राहिली. मी खडू शोधायला लागले.

"बस गो बाय," मावशी तिला म्हणाल्या. "मी घरचीच हाय ना."

म्हणजे माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी किती पोरं आलीत ते विचारलं. मी सदतीस म्हणाले, आणि त्या गेल्या. चिमुरडी खाली बसली. मी शिकवलेलं काहीही त्या वर्गाने इतक्या चटकन कधीच उचललं नव्हतं.