न आलेल्याचा भूतकाळ

माझ्या शेजारची बाई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. म्हाताऱ्यांची कूस बदलायची, भांडं द्यायचं, कोणी घाबरून उठलं तर हात धरून बसायचं. सकाळी ती जिना चढत असते तेव्हा तिचा नवरा जिना उतरत असतो. तो बसचा ड्रायव्हर. लग्नाला बरीच वर्षं झाली, त्यातली बहुतेक या जिन्यावरच गेली. "डबा घेतलात?" "घेतला. तू झोप." झाला संसार.

इमारतीतले लोक तिला घुबडताई म्हणतात. तीही ओ देते.

गेल्या वर्षी आश्रमात दिवसा फोन घेण्याची जागा रिकामी झाली. बसून काम आणि संध्याकाळी घरी. इंग्रजी मात्र बोलता यायला हवं, कारण बऱ्याच म्हाताऱ्यांची मुलं परदेशात आणि सुना-जावई तिकडचेच. ती पाळीवरून थेट माझ्याकडे आली.

"काकू, तुमचं कॉन्व्हेंटचं इंग्रजी. मला क्रियापदं तेवढी शिकवा. नामं येतात मला. बेड, पिलो, डॉक्टर. पण ती नुसती पडून राहतात हो, आमच्या म्हाताऱ्यांसारखी. त्यांना उठवायला कोणीतरी लागतं."

क्रियापदाची इतकी चांगली व्याख्या मला शाळेतही कोणी सांगितली नव्हती.

मग रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात शिकवणी. ती डोळे मिटून म्हणायची, गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. मध्येच मान कलंडायची. मी चमचा कपावर वाजवला की पुढचं रूप तोंडातून आपोआप यायचं. कट, कट, कट तिला फार आवडलं. "हे बरंय. काल, आज, उद्या, तिन्ही सारखे. आमच्या घरासारखे."

'ही' किंवा 'शी' आली की वर्तमानकाळात क्रियापदाला शेवटी 'स' लावायचा, हे काही तिला पटेना. "एकट्या माणसालाच शेपूट? आणि घोळक्याला नाही?"

"नाही."

"बरोबर आहे. एकटीच्याच मागे सगळं लागतं."

रोजच्या कामाला साधा वर्तमानकाळ, असं मी सांगितलं. आय वर्क अॅट नाइट. ती हटून बसली. "नको काकू. आय अॅम वर्किंग म्हणते. म्हणजे सध्या चालू आहे, संपणारे." व्याकरणात तिचं चूक नव्हतं. मी पुढचा धडा घेतला.

नवऱ्याला हे सगळं जिन्यावरूनच कळत होतं. एकदा माझ्या दारात डोकावून म्हणाला, "काकू, हिला इंग्रजीत भांडायला शिकवू नका. मराठीत मी कसाबसा टिकतो."

"भांडायला वेळ कुठे आहे तुम्हाला? बस चुकेल," ती आतून म्हणाली.

"माझी बस मला सोडून जाते होय गं?" म्हणत तो उतरला.

त्या जागेसाठीच्या परीक्षेच्या दिवशी आश्रमाच्या मेट्रनने तिला रात्रपाळी उतरल्या उतरल्या फोनवर बसवलं आणि स्वतः शेजारी खुर्ची घेतली. पुढचं मला तिनेच सांगितलं. पहिले दोन फोन नीट झाले. तिसरा एका परदेशी सुनेचा. सासऱ्यांशी बोलायचं होतं. बाईने निरोप पाठवला आणि म्हणाली, ही वॉक्स स्लोली, प्लीज वेट. 'स' जागच्या जागी. मेट्रनने मान डोलावली.

सासरे वॉकर घेऊन लांबच्या खोलीतून निघाले. थोड्या वेळाने सुनेने विचारलं, येताहेत का? तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून आजोबा ओरडले, "आलो, आलो!"

बाईने ऐकलं तसं सांगितलं. "येस मॅडम. ही केम, ही केम!"

सुनेला वाटलं, फोन सासऱ्यांच्या हातात गेला. ती बोलू लागली. हॅलो पप्पा, कसे आहात? इकडे शांतता. पप्पा? ऐकू येतंय ना? पप्पा आणि फोन यांच्यामध्ये अजून अख्खा व्हरांडा होता. बाई घाबरून म्हणाली, "ही केम, मॅडम... बट ही इज नॉट हिअर." सुनेला वाटलं, पप्पा गेलेच. तिने किंकाळीच फोडली. मेट्रनने फोन काढून घेतला. आजोबा पोहोचेपर्यंत सून रडत होती.

हे सांगताना बाई माझ्या टेबलावर हात ठेवून बसली होती. पायातले बूटही काढले नव्हते.

"काकू, ते आलो म्हणाले. मी तेच सांगितलं."

"आपल्याकडे न आलेला माणूसही आला म्हणतो. इंग्रजाला आधी दारात पाऊल टाकावं लागतं, मग केम."

"त्याआधी?"

"ही इज कमिंग."

"येत होतं मला ते," ती म्हणाली. "झोप असती तर आठवलं असतं."

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. मेट्रन वाईट नव्हती. पुढे पुन्हा बघू म्हणाली.

त्यानंतर बाई आठ-पंधरा दिवस आली नाही. मग एकदा संध्याकाळी, कामावर निघताना आली, केस विंचरलेले, चेहरा धुतलेला. शिकवणी बंद करते म्हणाली.

"का गं? इतक्यात हरलीस?"

"तसं नाही. यांनी डेपोत सांगून रात्रीची गाडी मागून घेतली. सकाळी दोघं बरोबरच घरी येतो. आता सकाळी मला जमायचं नाही."

"डोळ्यांना त्रास होईल त्याला, या वयात."

"मी म्हटलं ना. ऐकतात कुठे! डेपोत सगळ्यांना सांगत सुटलेत, बायकोचं इंग्रजी कच्चं राहिलं, म्हणून नवरा घुबड झाला." ती हसली, पण जांभई आली आणि हसणं त्यातच विरलं.

खालून हाक आली, "चल गं, उशीर होतोय!"

"आले, आले!" ती ओरडली, आणि माझ्या दारात उभी राहून चपलेचा पट्टा लावू लागली.

आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. सकाळी दोघं पडदे ओढून झोपतात. तो घोरतो. मिक्सर मी आता दुपारनंतर लावते.