कोपऱ्यावर उभा चौकोन

"स्वल्प मान वाकडी कर," असं अक्का दिवसातून वीस वेळा तरी म्हणायच्या. मुलांना म्हणायच्या, मला म्हणायच्या, एकदा भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही म्हणाल्या. म्हणताना स्वतःची मान आधी डाव्या खांद्याकडे न्यायच्या. मग वर्गातली बारा मुलंही त्याच बाजूला माना न्यायची. दारातून बघणाऱ्याला वाटायचं, या खोलीची जमीनच कलली आहे.

मी पुण्याहून बेंगळुरूला आले ती नवऱ्याच्या महादेवपुऱ्यातल्या नोकरीमुळे. बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीसमोर एक बालवाडी होती. तिथे मदतनीस म्हणून लागले आणि अक्कांच्या हाताखाली आले. त्या इथल्या जुन्या बाजारपेठेतल्या, चिकपेटमधल्या मराठी घरातल्या. किती पिढ्या इथे आहात, असं विचारलं तर म्हणायच्या, "मोजलं नाही." माझं मराठी त्यांना घाईचं वाटायचं, त्यांचं मला कानडी. महिन्याभरात दोघींनी तडजोड केली. मी 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणायला लागले आणि त्या 'ॲक्च्युअली' म्हणायला लागल्या.

आकार शिकवणं हे त्यांचं खास काम. चिकपेटमध्ये भावाचं साड्यांचं दुकान होतं. तिथल्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून त्या आकार कापायच्या. त्यामुळे आमच्या वर्गातल्या वर्तुळांवर अर्धे मोर असायचे आणि त्रिकोणांवर 'शुद्ध रेशी' एवढंच. आकार आधी हातात द्यायचा, मुलाने कडेने बोट फिरवायचं, कोपरे मोजायचे, मग नाव. भिंतीवरच्या छापील तक्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यात लंबगोलासाठी अंडं काढलं होतं. "अंडं एका टोकाला निमुळतं असतं," त्या म्हणाल्या, आणि अंड्यावर कागद चिकटवून टाकला.

हरल्याही एकदा. वर्तुळ म्हणून इडली आणली होती. "वरून बघा. काय आहे?" मुलं म्हणाली, सर्कल. "आता बाजूने बघा. काय आहे?" मुलं म्हणाली, इडली. अक्कांनी थोडा विचार केला आणि इडली वाटून टाकली.

तक्त्यावरच्या शेवटच्या आकाराशी मात्र त्यांचं खरं भांडण होतं. तो डायमंड. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. अक्का पुठ्ठ्याचा चौकोन हातात धरायच्या, हळूच फिरवायच्या आणि विचारायच्या, "फिरवला म्हणून नाव बदललं? मी आडवी झोपले तर मला दुसऱ्या नावाने हाक मारणार?" मुलं नाही म्हणायची. विषय संपायचा.

तो ईरामुळे पुन्हा सुरू झाला. ईरा नागपूरच्या घरातली, चार वर्षांची, कमी बोलणारी. तिला एका मोठ्या शाळेत घालायचं होतं. प्रवेशाआधी तिथे मुलांशी गप्पा मारायच्या असत. त्याला परीक्षा म्हणायचं नाही, असं ठरलेलं होतं. गप्पांमध्ये तिथल्या बाईंनी डायमंडचं कार्ड दाखवलं. ईराने मान वाकडी केली आणि म्हणाली, "स्क्वेअर." बाईंनी पुन्हा विचारलं. ईराने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "टीचर, स्वल्प मान वाकडी करा."

'आकार ओळखत नाही, सूचना पाळत नाही,' असा शेरा मिळाला. प्रवेश नाही.

ईराची आई दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचा आवाज शांत होता. ते जास्त वाईट. "तुम्ही तिला हे काय शिकवलंत?"

"बरोबर शिकवलं," अक्का म्हणाल्या.

"पण त्यांच्या कार्डावर डायमंड आहे."

"कार्ड चुकलं."

"कार्डाला शाळेत जायचं नाहीये, अक्का. ईराला जायचंय. तिची ताई तिथेच आहे. ही रोज दप्तर घालून दारात बसते."

अक्कांनी टेबलावरचा मोर छापलेला चौकोन उचलून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "मी शिकवलं. मी येते."

शनिवारची वेळ मिळाली. मला सोबत का नेलं ते कळलं नाही. बहुधा पिशवी धरायला. कार्ड दाखवणाऱ्या त्या बाई तिशीच्या असतील. अक्कांनी त्यांच्या टेबलावर मोराचा चौकोन ठेवला आणि फिरवला. बाईंनी नकळत मान वाकडी केली. मग कानडीत म्हणाल्या की तुमचं बरोबर आहे, पण उत्तरांची यादी माझ्याकडे वरून येते आणि यादीत डायमंड आहे. "मी मुलीला परत विचारते. तेवढंच माझ्या हातात आहे."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. तिथे ईरा आणि तिची आई थांबल्या होत्या. अक्कांचे गुडघे दुखायचे, तरी त्या ईरासमोर खाली बसल्या.

"आत तेच कार्ड दाखवतील. डायमंड म्हण."

ईराने त्यांच्याकडे पाहिलं. "पण ते स्क्वेअर आहे."

"हो."

"मग?"

अक्कांनी तिच्या फ्रॉकची कॉलर सारखी केली. "ताईबरोबर शाळेत यायचंय ना?"

"हो."

"मग आज एकदा म्हण."

ईरा आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली. "म्हटलं," एवढंच बोलली आणि आईचा हात धरला. अक्कांचा धरला नाही.

प्रवेश तिथल्या तिथे मिळाला. आईने समोरच्या दुकानातून म्हैसूरपाक आणला, अक्कांच्या पाया पडली. ऑटोतून परत येताना अक्का म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मुलाला मुद्दाम चुकीचं सांगितलं नव्हतं."

"तिचं काम झालं ना, अक्का."

"झालं," त्या म्हणाल्या. "चुकीचं सांगून झालं. ॲक्च्युअली तेच मनात येतंय."

सोमवारी त्यांनी वर्ग सुरू व्हायच्या आधी ईराला पुढे बोलावलं आणि सगळ्या मुलांसमोर सांगितलं, "शनिवारी मी हिला चुकीचं सांगितलं. तो स्क्वेअरच आहे. मला क्षमा कर."

ईरा म्हणाली, "मला माहीत होतं." मग जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने मात्र उठली आणि अक्कांच्या मांडीला टेकून उभी राहिली. अक्कांनी शिकवणं थांबवलं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या जाण्याचा समारंभ नीट होत नाही. वर्ष संपल्यावर अक्का काम सोडून म्हैसूरला मुलीकडे राहायला निघाल्या. गुडघ्यांचं कारण होतं आणि ते खरंही होतं. आम्ही सगळी मुलं घेऊन फाटकापाशी उभे राहिलो. अक्का ऑटोत बसल्या, हात हलवला, ऑटो निघाली, आणि वीस पावलांवर जाऊन अडकली. पुढे रिंग रोडपर्यंत गाड्याच गाड्या.

मुलं हात हलवत राहिली. अक्काही बाहेर वाकून हलवत राहिल्या. पाच मिनिटं झाली. ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. अक्कांनी खुणेने सांगितलं, आत जा. कोणी गेलं नाही. मग त्या दुसऱ्या बाजूला बघायला लागल्या आणि पदराने डोळे पुसताना दिसल्या. धूर फार होता.

शेवटी पुढची बस हलली आणि मागोमाग ऑटोही. ती दिसेनाशी झाली तरी मुलं हात हलवतच होती, कारण आता पुरे असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम आता माझ्याकडे आलं होतं. मी जरा थांबले.