दोन वाजेपर्यंत स्कोअर सांगायचा नाही

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अमेरिकेतील एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या नांदेड-लातूर पाठीराखे मंडळाची सदस्यसंख्या निम्म्याने घटली आहे. उर्वरित सदस्य, म्हणजे मी, अध्यक्ष, सचिव आणि शिपाई अशी तिन्ही पदे सांभाळत असून मंडळाची पुढील सभा होणार नाही.

संघाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की तो हरतो, असा आमचा अनुभव आहे. न घेताही तो पुष्कळ हरलेला आहे, पण तेवढं पाप तरी आपल्या माथी नको.

मंडळाचे सदस्य दोन. नांदेडला मी, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवणारी. लातूरला माझा थोरला भाऊ, गणिताचा मास्तर, आता निवृत्त. आम्ही वाढलो अहमदपूरला. तिथल्या शाळेच्या मैदानावर मुरूम होता आणि एक लोखंडी कडी होती. जाळी कधी नव्हतीच. मुरमावर चेंडू आपटला की तो परत हातात येईलच याची खात्री नसायची. कधी खड्यावर पडून शेजारच्या कडब्यात जायचा. म्हणून दादानं नियम केला होता, चेंडू आपटायचा नाही, फेकायचा. हातात आला की लगेच दुसऱ्याला. पुढं टीव्हीवर जगातले मोठमोठे संघ दिसायला लागले, तेव्हा आम्ही त्यातला एक निवडला. त्यांच्यात नाव घ्यावं असा एकही खेळाडू नव्हता, पण चेंडू कुणाच्या हातात दोन श्वासांपेक्षा जास्त थांबत नव्हता. दादा म्हणाला, "हे तर आपल्या अहमदपूरचेच हायेत." झालं, त्या दिवसापासून जन्माचं दुःख विकत घेतलं.

तिकडं रात्र म्हणजे इकडं सकाळ. सामना सुरू व्हायचा तेव्हा मी स्कूटीवरून कॉलेज गाठत असायचे. पहिला तास सात वीसला. म्हणून मंडळानं ठराव केला की सामना थेट बघायचाच नाही. दुपारी मी घरी आले, जेवले, की बरोबर दोन वाजता दोघांनी आपापल्या टीव्हीवर रेकॉर्डिंग लावायचं. फोन स्पीकरवर. दादा मोजायचा, "एक, दोन, साडेमाडे तीन," आणि दोन जिल्ह्यांत एकाच क्षणी बटण दाबलं जायचं. तरी कधीकधी लातूर अर्धा सेकंद पुढं असायचं आणि मला टाळी आधी ऐकू यायची. मग भांडण.

दोन वाजेपर्यंत स्कोअर कुणी सांगायचा नाही, हा कायदा. आता नांदेडात मला तो स्कोअर कोण सांगणार होतं, हा प्रश्न कायदा करताना कुणाला पडला नाही. मी मात्र कडक अंमलबजावणी केली. स्टाफरूममध्ये जाहीर केलं. शेजारी निवृत्त तलाठी राहतात, त्यांनाही तंबी दिली. बिचारे सामन्याच्या दिवशी जिन्यात भेटले की तोंडावर बोट ठेवून बाजूला व्हायचे. गुन्हा घडला तो फक्त एकदा, वहिनींच्या हातून. लोणच्याच्या कैऱ्या विचारायला त्यांनी सकाळी फोन केला आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आज जिंकले वाटतं तुमचे." मी दोन दिवस बोलले नाही. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी दोनच्या आत वहिनींचा फोन आला, की तो कापायचा.

दादाबरोबर सामना बघणं म्हणजे वर्गात बसणं. मी चेंडूकडे बघायचे आणि तो ओरडायचा, "चेंडूकडं काय बघायलीस? चेंडू नसलेल्या माणसाकडं बघ." त्यानं मला आडोसा शिकवला. आपला एक गडी खांबासारखा उभा राहतो, चेंडूवाल्याच्या मागं लागलेला त्यांचा गडी त्या खांबावर आपटतो, आणि तेवढ्या पळभरात त्यांच्या दोघांना मिळून ठरवावं लागतं की कोण कुणाला धरणार. दोघं एकावर धावले, की कुठंतरी कुणीतरी मोकळा राहिलाच. तो मोकळा कोण, ते आधी ओळखायचं. मला चार वेळा परत बघून कळायचं. दादाला घडायच्या आधी कळायचं.

"आता डाव्या कोपऱ्यात जाईल बघ," तो म्हणायचा, आणि चेंडू डाव्या कोपऱ्यात.

"ह्याला बाहेर काढतील आता." प्रशिक्षक त्याला बाहेर काढायचा.

"जरा दम खा. पंधराचं अंतर भरून निघतंय." निघायचं.

माझ्या अंगावर काटा यायचा. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले होते की माझा भाऊ चुकून अहमदपूरला जन्माला घातलेला प्रशिक्षक आहे. केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणाल्या, "मग सट्टा का लावत नाहीत?" मी म्हटलं, "असल्या माणसाला पैशाचा मोह नसतो."

यंदा आमचे अंतिम फेरीत गेले. सात सामन्यांची फेरी, तीन-तीन बरोबरी, आणि शेवटचा सामना. आदल्या संध्याकाळी दादा फोनवर म्हणाला, "शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये लांबून मारायचा नाद सोडला तर आपण जिंकतो. आडोसा घ्यायचा अन् आत घुसायचं. बस." मी म्हटलं, "त्यांना फोन करून सांग." तो म्हणाला, "उचलत न्हाईत ते."

सामन्याच्या दिवशी मी प्रवेशाचं काम उरकून घरी आले. कूलर लावला, ताट घेतलं. दोनला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला. वहिनी.

मी उचलला आणि म्हटलं, "वहिनी, एक अक्षर नको. मी बघितलेलं नाही अजून." आणि ठेवला.

परत वाजला. कापला. परत वाजला. मी हसत होते, हे सांगितलंच पाहिजे. मला वाटलं, जिंकलेत. वहिनींच्या पोटात मावेना. मी फोनचा आवाज बंद केला आणि तो पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

दोन वाजता दादाला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग मनाशी म्हटलं, वहिनींनी त्याला स्कोअर सांगितला असणार आणि हा रुसून बसलाय. बस म्हणावं. एकटीनंच साडेमाडे तीन केलं.

आमचे सुंदर खेळत होते. इतके सुंदर की मी रिकाम्या खोलीत बोलायला लागले. "बघ दादा, तो मोकळा. तो, तो, मागचा." पहिल्यांदाच मला घडायच्या आधी दिसलं. तिसऱ्या क्वार्टरला आम्ही नऊनं पुढं होतो आणि मी, पन्नाशीला टेकलेली बाई, पदर खोचून टीव्हीसमोर नाचत होते.

दारावर थाप पडली. तलाठी काका उभे होते, हातात त्यांचा फोन. तोंडावर बोट नव्हतं.

"मॅडम, मी स्कोअर सांगायला आलो न्हाई," ते म्हणाले. फोन माझ्यापुढं धरला. "लातूरहून फोन हाय. तुमच्या वहिनींचा. तुम्ही उचलून नाही राहिल्या म्हणे."

सकाळी अकराला त्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. त्याला वाटलं पित्त. सोडा प्याला, शतपावली घातली. एक वाजता दवाखान्यात नेलं. वहिनींनी मला फोन केला तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता, आणि त्यानंच करायला लावला होता. फोन त्याच्या तोंडाशी धरलेला होता. मी ठेवला तो त्याचा फोन होता. तलाठी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले, त्याच्या दहा मिनिटं आधी तो गेला.

नांदेड ते लातूर बसनं गेले. अहमदपूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. मी खिडकीशी बसून राहिले. शाळा स्टँडपासून लांब नाही, पण मी तिकडं बघितलं नाही. एकच विचार डोक्यात होता. त्याला काय सांगायचं होतं? जमिनीचं, त्याच्या मुलीच्या लग्नाचं, आईबद्दल काही? की नुसतं ये म्हणून? माणूस शेवटी कुणाला बोलावतो ते उगाच बोलावत नाही.

तेराव्यानंतर पाव्हणे पांगले. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात मोठी पातेली पुसून माळ्यावर चढवत होतो. मला त्या दिवसांत त्यांना विचारायचा धीर झाला नव्हता. आता विचारलं.

"वहिनी, त्या दिवशी दादाला मला काय सांगायचं होतं?"

त्या पातेलं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "हरले म्हणून."

"काय?"

"तुमचे ते. दोन पॉइंटनं हरले. शेवटी लांबून मारायला गेले म्हणे."

मला काही कळेना. मी म्हटलं, "पण आम्ही दोनला बघणार होतो. त्याला कसं माहीत?"

"सकाळीच बघायचे की ते. रोजच्याला. सहा वाजता चहा घेऊन बसायचे. मग दुपारी तुमच्यासंगं परत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थोडं हसल्या. "अगोदर सांगितलं की तुम्ही लई खूश व्हायच्या. मला दम दिला होता, बोलायचं न्हाई म्हणून. एकदा कैऱ्यांच्या वेळी सुटलं माझ्या तोंडून, तर मलाच बोलले."

मीही हसले. हसता हसता ओट्याला धरून खाली बसले. माझा प्रशिक्षक. डावा कोपरा, पंधराचं अंतर, सगळं पाठ करून आलेला. वर्षानुवर्षं एकच सामना दिवसातून दोनदा, दुसऱ्यांदा नुसत्या माझ्या ओरडण्यासाठी.

"दवाखान्यात एकच लावलं होतं," वहिनी सांगत होत्या. "तिला फोन लाव, तिला फोन लाव. मी म्हटलं, बोलू नका, दम लागतोय. तर म्हणाले, ती दोनला लावून बसंल. मी न्हाई आता तिथं. एकटीनं बघितलं तर तिला सोसायचं न्हाई, आधीच सांगून टाकतो."

"आणि मी ठेवला."

"ठेवला. मग म्हणाले, राहू दे, बघू दे तिला. तिसऱ्यापर्यंत चांगलं हाय." त्यांनी पातेलं पालथं घातलं, फडकं पिळलं, परत पिळलं. "तेवढंच. मग बोलले न्हाईत."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो काढून घेतला, रागानं नाही, ओला होता म्हणून पदराला पुसला. आणि एकदम बोलून गेल्या,

"शेवटचं बोलले ते पण तुमच्याचसाठी. मी तिथंच उभी होते की, ताई."