चढावरचा तिसरा गिअर

आमच्या ट्रकला दोन आजार होते आणि दोन्ही मला कितीतरी महिने दिसले नाहीत. घाट चढताना तिसरा गिअर आपोआप सटकायचा. त्याच सुमारास केबिनमधली वीज जायची. दिवे बंद, काटे खाली, हॉर्न मुका, वायपर जागच्या जागी. इंजिन मात्र चालू. चढ संपला की सगळं पूर्ववत. हे आमच्या ड्रायव्हरने मला सांगितलं. मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवतो. विजेच्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचं आणि आकडा बघायचा, हे मी पोरांकडून वीस वर्षं घोकून घेत आलोय.

ट्रक वडिलांनी घेतलेला. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि ट्रकबरोबर ड्रायव्हरही आले. निफाडकडचा माणूस, साठीला टेकलेला. आम्ही भावंडं लहानपणापासून त्यांना मामा म्हणायचो. मला आख्खी गल्ली 'सर' म्हणते, मामा तेवढे 'भाऊ' म्हणायचे. त्यांचा रस्ता ठरलेला होता. विंचूरला कांदा भरायचा, कसारा घाट उतरून वाशीला टाकायचा. येताना भिवंडीहून द्राक्षबागांसाठी खताची पोती नाहीतर लोखंडी अँगल घेऊन घाट चढायचा, निफाडला माल उतरवायचा आणि मग ट्रक पंचवटीत आमच्या दारी आणून लावायचा. दारात ट्रक आला की तो रिकामाच असायचा. हे वाक्य मी आज लिहितोय. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पहिल्यांदा मामांनी सांगितलं त्या रविवारी मी बॅटरीची टोकं घासली, फ्यूज तपासले, डायनामो तपासला. स्टार्टरवरून केबिनमध्ये जी मुख्य वायर जाते, तिला दोन्हीकडून मीटर लावलं. सगळं चोख. जवळच म्हसरूळपर्यंत चक्कर मारली, तिसरा गिअर हलला नाही. दुसऱ्या खेपेला मी मुख्य स्वीच बदलला. तिसऱ्या खेपेला आडगावच्या मिस्त्रीकडून गिअरबॉक्स उघडवला. दाते अजून चांगले आहेत, विनाकारण उघडायला लावलंत, असं तो म्हणाला. मला त्याच्यापुढे शरमल्यासारखं झालं, आणि माझा स्वभाव असा की शरम वाटली की राग दुसऱ्यावर निघतो.

"मामा, तुम्ही म्हणता तसं काहीच नाहीये गाडीत," मी म्हणालो.

"तुमचं मीटर खोटं नाय बोलायचं, भाऊ," मामा म्हणाले. "पण म्या डोळ्यानं पाह्यलंय. मागं रांग लागली व्हती गाड्यांची, आन् हॉर्न वाजंना."

पुढच्या फेरीनंतर परत तेच. आता माझं डोकं दुसरीकडे चालायला लागलं. घाटात माणूस पेंगतो का? हात थकलेत का? की दुपारी कुठल्या ढाब्यावर टाकून येतो? वडिलांच्या हयातीत मामांनी दारूला हात लावल्याचं कुणी बोललं नव्हतं. तरी एका संध्याकाळी ते किल्ली द्यायला आले तेव्हा मी उगाच त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी झटकायच्या निमित्ताने जवळ गेलो आणि श्वास ओढला.

त्यांना कळलं. लगेच कळलं. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि हळूच फुंकर मारली. "घ्या, भाऊ. पाहून घ्या."

तंबाखूचाही वास नव्हता. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी म्हणालो, "मामा, वय झालं आता. महिनाभर घरी आराम करा, मग बघू." 'मग बघू' म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही लिहून टाकतो.

नवा ड्रायव्हर घोटीचा, तिशीतला, गाणी म्हणत गाडी हाकणारा. दोन-तीन महिने त्याची एक तक्रार नाही. मी घरात सांगत सुटलो की बघा, गाडीत काही नव्हतंच. उंटावरच्या शहाण्याला वरून सगळं सोपंच दिसतं.

मग एकदा मुलीकडे ठाण्याला गेलो होतो. परत येताना म्हटलं, एसटीत धक्के खाण्यापेक्षा आपलाच ट्रक बरा. भिवंडीला चढलो. मागे अँगल गच्च भरलेले. कसारा चढायला लागलो, दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला इंजिन जोर घेऊ लागलं आणि समोरचे सगळे काटे एकदम आडवे पडले. पाठोपाठ खाडकन आवाज झाला. गिअरचा दांडा माझ्या डोळ्यांदेखत तिसऱ्यातून निघून न्यूट्रलला आला. ट्रक मागे सरकतोय असं वाटून मी दाराची मूठ धरली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, शांतपणे दुसरा टाकला आणि दांड्याला गुडघा टेकवून गाडी वर काढली.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"रोजचंच हाय हे, सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो हसला. "सांगून काय उपेग? आधीच्या बाबाचं काय झालं ते म्या ऐकलंय ना."

घाट चढून वर आलो. मी त्याला निफाडला जाऊच दिलं नाही, भरलेला ट्रक तसाच आडगावच्या त्याच मिस्त्रीकडे नेला. त्याने पुढची चाकं ओट्याला टेकवली, तिसरा टाकला आणि ड्रायव्हरला क्लच हळूहळू सोडायला सांगितलं. इंजिन एका बाजूने वीतभर उचललं गेलं. खालचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं ते, पार फाटलेलं होतं. ओझं घेऊन चढ लागला की इंजिन वाकडं व्हायचं, गिअरचा रॉड ओढला जायचा आणि मी तपासलेली ती मुख्य वायरही ताणली जायची. वायरचं साल वरून धड होतं. आतल्या तारा तुटून नुसत्या एकमेकींना टेकलेल्या.

"रिकामी गाडी आन् सासरी आलेला जावई," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "दोघं बी शहाण्यावानी वागतात, सर. तुम्ही तवा रिकामीच आणली. म्या बी इचारलं नाय."

मीटर खोटं बोललं नव्हतं. मी त्याला चुकीच्या वेळी विचारलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तीही हातात मीटर धरून.

काम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो वायरचा तुकडा खिशात घालून मी स्वतःच ट्रक चालवत मामांच्या गावी गेलो. मामा ओसरीत बसले होते. मामींनी पाणी दिलं आणि मी न विचारताच सांगायला लागल्या, "डोळे तपासले, भाऊ. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणतो काय नाय. हे म्हणतात, हाय."

मी सगळं सांगितलं. घाट, अँगल, रबर. मामांनी तुकडा हातात घेतला, बोटांनी चाचपला, वाकवला. आत तारा करकरल्या. त्यांनी परत वाकवला.

"म्हंजी दिवे खरंच जायचे?" त्यांनी विचारलं.

"खरंच जायचे, मामा."

"मला वाटलं मलाच दिसेनासं व्हतं मधीमधी. तुम्ही शिकल्याले. तीनदा तपासून तुम्ही नाय म्हणलात, मंग माझ्यातच काय तरी असंल ना?"

मी उठून त्यांचे पाय धरले. त्यांनी घाईने माझे खांदे पकडून मला वर उठवलं. "आसं करू नका, भाऊ," म्हणाले, आणि ट्रक बघायला बाहेर आले. लायसनची मुदत गेल्या महिन्यात संपली होती, त्यांनी ती वाढवली नव्हती. मी म्हणालो, उद्याच अर्ज करू, मी बरोबर येतो. ते हो म्हणाले.

त्यांनी ट्रकला फेरी मारली, टायरवर हात ठेवला, बॉनेटवरची धूळ पुसली. मी किल्ली पुढे केली. "बांधापर्यंत घ्या, मामा. तुम्हीच बघा तिसरा कसा धरतो ते. शेतातली आपलीच वाट आहे, लायसन कोण विचारतंय."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग पुढून वळसा घालून ते क्लीनरच्या बाजूला गेले, दार उघडून वर चढले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

"तुम्ही चालवा, भाऊ," ते म्हणाले. "मी बसतो."